बातमीच्या पट्टीवर माझा भाऊ

मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की दोनच विषय निघतात, पोरं आणि बातम्या. त्या दिवशी दोन्ही एकदमच निघाले. विज्ञानाच्या बाईंनी मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून टेबलावर उभा केला होता आणि आम्ही सगळ्याजणी पोळीभाजी खात एका स्थानिक वाहिनीची बातमी बघत होतो. बिडकीनला चहाच्या टपरीवर पोरांची मारामारी झाली होती. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाडीचा घाव बसला होता, तो घाटी दवाखान्यात भरती होता. मारणाऱ्या पोरानं आदल्या दिवशी मोबाइलवर एक रील टाकलं होतं. त्यात तो गॉगल लावून मोटरसायकलवर बसलेला, आणि मागं एक गाणं वाजत होतं. पडद्याच्या खाली लाल पट्टीवर अक्षरं पळत होती : 'रॅपरच्या कुऱ्हाडीनं घेतला बळी?'

बळी कुणाचा गेला नव्हता. पण पुढं प्रश्नचिन्ह लावलं की काहीही लिहिता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गाणं माझ्या भावाचं होतं.

स्टाफरूममध्ये हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी मराठी शिकवते, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. म्हणजे ज्या विषयाला पालक सभेत कुणी थांबत नाही तो विषय. लग्नानंतरचं माझं आडनाव असं आहे की त्यावरून जातीचा पत्ता लागत नाही. नवीन असताना एकदोघींनी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं गोल फिरून विचारून पाहिलं होतं. मी "पाचोडकडच्या" म्हणाले होते. त्यावरूनही पत्ता लागला नाही.

"हे असलं दिवसरात्र ऐकून पोरं बिघडणार नाहीत तर काय होणार?" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "माझा नववीतला. अंघोळीला गेला तरी हेच. खांद्यावर कुऱ्हाड, खांद्यावर कुऱ्हाड."

"गाणारा कोण आहे ते बघा ना," दुसऱ्या बाई म्हणाल्या. त्या गणिताच्या. "धनगराचं पोरगं. कालपर्यंत रानात कुऱ्हाड घेऊन हिंडत होते, आज आपण माइक दिला हातात. रक्तातलं जातं का कुठं?"

याच टेबलावर, याच आठवड्यात, आम्ही मुंबईच्या एका मोठ्या गायकावर बोललो होतो. त्यानं एका हॉटेलात वाढप्याला इतकं मारलं होतं की त्याचा जबडा बांधावा लागला. तेव्हा याच गणिताच्या बाई म्हणाल्या होत्या, "कलाकार माणसं मनस्वी असतात हो. त्या वाढप्यानंच काहीतरी खोडी काढली असणार." आणि विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं की माणूस वेगळा आणि त्याची कला वेगळी, आपण कला बघावी. मी तेव्हाही जेवत होते.

मी घास खाली ठेवला. "तो माझा सख्खा भाऊ आहे," म्हणाले.

कुणीतरी मोबाइलचा आवाज बंद केला. निवेदकाचं तोंड मात्र हलत राहिलं.

"अय्या, बोलला नाहीत कधी!" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, जणू मी काही लपवून ठेवलं होतं. गणिताच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. "मला तसं नव्हतं म्हणायचं. आणि खरं सांगू, तुमच्याकडं बघून वाटत नाही हो अजिबात."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं, हीच त्यातली खरी शिवी.

*

आमची वस्ती पाचोडच्या बाहेर, माळाला लागून. बापूंची, म्हणजे वडिलांची, मेंढरं एके काळी रस्ता अडवायची इतकी होती. मी शाळेत असेपर्यंत ती निम्मी झाली, भाऊ शाळेत गेला तोवर मोजकी उरली. मग बापू मेंढरं सांभाळून लोकांच्या वावरात मजुरीला जाऊ लागले. पण जत्रेत ओव्या म्हणायला उभे राहिले की त्यांची उंची वाढायची. ढोल गळ्यात अडकवून ते एक ओळ म्हणायचे आणि मध्येच थांबायचे. त्या थांबण्यात अख्खी जत्रा श्वास धरून उभी राहायची. मग थाप. मी मराठीची शिक्षिका झाले ती पुस्तकांमुळं नाही, बापूंच्या तोंडच्या शब्दांमुळं झाले. म्हणून 'गाणं म्हणजे नुसतं गाणं, त्यानं काय होतंय' असं मला कधी म्हणता आलं नाही. होतं. माझं झालं.

भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. बारावी करून आयटीआयला गेला आणि बिडकीनकडं एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागला. कंपनी ज्या जमिनीवर उभी होती तिथून बापू कधीकाळी मेंढरं घेऊन पाण्यावर जायचे. आता तिथं तारेचं कुंपण, मग भिंत, मग गेट. बापूंना मेंढरं घेऊन लांबून फेरा पडायचा. भाऊ ओळखपत्र दाखवून त्याच गेटातून आत जायचा. त्याला याची आधी गंमत वाटायची, मग वाटेनाशी झाली. त्यातून ते गाणं आलं. मित्राच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगून त्यानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मागं बापूंचा ढोल, वर त्याचा झपाझप बोलणारा आवाज :

खांद्यावर कुऱ्हाड माझी, वाट सोड रं,
तुझ्या भिंतीआधी हितं माझी मेंढरं.

त्यानं मला पहिल्यांदा ऐकवलं ते उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात, चहा पिताना. माझ्या अंगावर काटा आला. पण मी मास्तरीण. मी म्हणाले, "कुऱ्हाड कशाला घातलीस?"

"मग बाभळीच्या डहाळ्या कशानं तोडतेत आक्का? तुझ्या शाळेच्या पट्टीनं?"

"मला कळतं रे. लोकांना दुसरंच वाटंल."

तो हसला. "वाटू दी की थोडं. आपली बी कुणाला तरी भीती वाटाया पायजे ना कधी."

म्हणजे त्या ओळीत डहाळ्या तोडणारी कुऱ्हाड होती आणि दुसरीही होती. हे मी झाकून ठेवत नाही. आमचे त्यावरून बरेच वाद झाले. मी म्हणायचे, शब्द एकदा सुटला की तो कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. तो म्हणायचा, बापूंच्या ओवीत देवी दैत्याचं मुंडकं उडवती, रगत पिती, ते ऐकून कुणी खून केला का गावात? मी म्हणायचे, ती देवी आहे. तो म्हणायचा, "तेच तर. देवीच्या हातात असलं की भक्ती, आपल्या हातात आलं की गुन्हा." मी अजून चहा टाकायचे.

गाणं फिरत फिरत कुठल्या कुठं गेलं. वरातीत वाजलं, टेम्पोत वाजलं, मोंढ्यात हमालांच्या मोबाइलवर वाजलं. माझ्याच वर्गातल्या पोरांना पाठ होतं. आणि मग ते बिडकीनच्या त्या पोराच्या रीलला लागलं.

*

पोलिसांनी भावाला बोलावलं, बसवून ठेवलं, विचारलं आणि सोडलं. त्या पोराला तो ओळखतही नव्हता. पण बातमी सुटली नाही. दर तासाला तीच क्लिप, तीच कुऱ्हाड. कुठल्या तरी सिनेमातलं रक्त लागलेलं पातं त्यांनी मागं दाखवायला घेतलं होतं. ठेकेदारानं फोन करून सांगितलं, "काही दिवस येऊ नको. साहेब लोकांनी टीव्ही बघितलाय." ते काही दिवस अजून संपलेले नाहीत.

मग त्याच वाहिनीचा फोन आला. चर्चा ठेवली आहे, तुमची बाजू मांडा. माझा नवरा म्हणाला, "जाऊ नका. तिथं बाजू मांडायला बोलावत नाहीत, मांडणी करायला बोलावतात." नवरा कमी बोलतो आणि बहुतेक वेळा बरोबर बोलतो. पण माय फोनवर म्हणाली, "टीवीत बलावलं म्हंजी चांगलंच आसंल. नीट शर्ट घालून जा म्हणावं." आणि भावाला जायचंच होतं, कारण चर्चेला एक प्राध्यापक येणार होते.

हे प्राध्यापक संगीताचे, आता निवृत्त. मी दहावीत असताना ते आमच्या वस्तीवर आले होते. टेपरेकॉर्डर मांडून त्यांनी बापूंच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या, बाजरीची भाकरी खाल्ली होती, मेंढीचं दूध मागून प्यायले होते. पुढं त्यावर त्यांचं पुस्तक आलं, आणि शहरात एका कार्यक्रमात बापूंना शाल नारळ मिळाला. ती शाल बापूंनी थंडीत वापरून वापरून विरवली. आमच्या घरात 'सर' म्हटलं की तेच.

"सर हायेत म्हणल्यावर काय चिंता," भाऊ म्हणाला. "त्यांना सगळं ठाव हाय. ते समजून सांगतील."

स्टुडिओ आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता, उस्मानपुऱ्यातच, एका फर्निचरच्या दुकानावर. जिना चढताना पॉलिशचा वास येत होता. निवेदक तरुण होता, तोंडाला पावडर, ती शर्टाला लागू नये म्हणून गळ्याशी टिश्यू पेपर खोचलेला. त्यानं भावाला मिठीच मारली. "दादा, एक नंबर गाणं. माझ्या पोरीला तोंडपाठ आहे. घाबरायचं नाही, आपलंच घर आहे." आम्हाला चहा दिला. सर आले तेव्हा भाऊ वाकून पाया पडला. सरांनी पाठीवर हात ठेवला, बापूंची विचारपूस केली. मला म्हणाले, "तू शिकलीस, फार बरं वाटलं." मी काचेच्या पलीकडच्या खोलीत बसले. तिथं एक टीव्ही लावलेला होता, त्यावर दिसत होतं.

लाल दिवा लागला आणि निवेदकाचा चेहराच बदलला. मी असं याआधी फक्त अंगात येणाऱ्या माणसाचं पाहिलं होतं.

"एका आईचा मुलगा आज मृत्यूशी झुंज देतोय!" तो ओरडला. त्या मुलाला सकाळीच घरी सोडलं होतं. "आणि आपल्यासमोर बसलाय तो गायक, ज्याच्या गाण्यानं हातात कुऱ्हाड दिली! उत्तर द्या, जबाबदारी घेणार की नाही?"

भाऊ म्हणाला, "साहेब, ते गाणं मेंढरांच्या वाटंचं हाये. कुऱ्हाड म्हंजी..."

"म्हणजे कुऱ्हाड आहे! मान्य करताय!"

एक समुपदेशक बाई होत्या. त्या बोलायला लागल्या की लहान वयात मनावर परिणाम कशाकशाचा होतो, घरातल्या मारहाणीचा, बेकारीचा, दारूचा. त्या एकट्या काही ऐकण्यासारखं बोलत होत्या. त्यांचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत निवेदक सरांकडं वळला. "सर, हे लोकसंगीत आहे का?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "मी याच्या वडिलांना ऐकलंय," ते म्हणाले. "ते खरं लोकसंगीत. निर्मळ, निरागस. त्या माणसाच्या मनात द्वेष नाही, मागणी नाही. आणि हे जे आहे ते बाहेरून आणलेलं विष आहे. बापानं जपलेलं धन या मुलानं चौकात उधळलं."

मागणी नाही. मी काचेच्या अलीकडं ते दोन शब्द ऐकले आणि मला कळलं की सरांना बापू इतकी वर्षं का आवडत होते.

भाऊ खुर्चीत पुढं सरकला. "सर, बापूंच्या ओवीत बी वाट अडवणाऱ्याला..."

"थांबा, थांबा," निवेदक म्हणाला. "तुमच्या वडिलांचंच ऐकू या. आमच्या प्रतिनिधीनं थेट पाचोड गाठलंय."

पडद्यावर बापू आले. पाचोडच्या बाजारात, मागं शेळ्या बांधलेल्या, तोंडासमोर कणीस धरल्यासारखा माइक. पटका नीट करत ते म्हणाले, "चुकलंच त्याचं. लई सांगितलं, ऐकत नाय. वाट सोडून पळतंय पोरगं."

एवढंच. खाली पट्टी पळाली : 'बापानंच टोचले कान!'

मी भावाकडं बघत होते. पडद्यातल्या नाही, काचेपलीकडच्या. त्याचे खांदे आधी खाली आले, मग हात मांडीवर आले. निवेदक त्याच्या अंगावर झुकून विचारत होता, "आता काय म्हणाल? जन्मदाता बाप म्हणतोय!" माझा भाऊ, जो मला कधी एका वाक्यात जिंकू देत नाही, तो खाली बघून म्हणाला, "बापू म्हणले आसतील तर चुकलं आसंल."

घरी पोचेपर्यंत त्याची क्लिप निघाली होती : 'रॅपरची कबुली'.

*

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पाचोडची गाडी पकडली. बापू ओट्यावर बसून दावणीचा दोर वळत होते. मी काही विचारायच्या आत तेच बोलले.

"काय गं, लोकं माझ्याकडं आसं कामून बघायलेत? चहावाला म्हणतो, शाबास म्हाताऱ्या, बरी खेटरं घातली पोराला. मी कवा घातली?"

"तुम्ही टीव्हीवाल्यांना काय म्हणलात बापू?"

"त्यांनी इचारलं, पोराचं गाणं कसं वाटतंय. मी म्हणलं, चुकलंच त्याचं. शेवटाला ताल सोडतंय. ढोल जिथं थांबतो तिथं थांबाया पायजे, तवा पुढचा शब्द वजनानं पडतो. ह्ये थांबतच नाय. लई सांगितलं, ऐकत नाय. वाट सोडून पळतंय पोरगं." त्यांनी दोर खाली ठेवून मांडीवर थाप मारून दाखवली, कुठं थांबायला हवं होतं ते. "पण शब्द खरे हायेत, म्हणलं. भिंतीच्या आधी आपलीच मेंढरं हुती तिथं. ह्ये बी म्हणलो की मी. चांगला येळ बोललो. त्या माइकवाल्या पोरानं मान हलवली, व्हय व्हय म्हणला."

मी त्यांना मोबाइलवर क्लिप दाखवली. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली, आणि पुन्हा. आपलाच आवाज, आपलाच चेहरा, आणि आपलं नसलेलं बोलणं. मग विचारलं, "बाकीचं कुठं गेलं?"

मी वाहिनीला फोन लावला. बऱ्याच वेळानं एक मुलगा बोलला, आवाजात अदब होती. "मॅडम, क्लिप ओरिजिनल आहे. आम्ही एकही शब्द आमच्या पदरचा घातलेला नाही."

"घातला नाही. काढलेत."

"वेळेची मर्यादा असते मॅडम. तुम्ही तर शिक्षिका आहात, तुम्हाला कळेल. सारांश आहे तो."

सारांशलेखन मी आठवीला शिकवते. मूळ उताऱ्याचा आशय बदलता कामा नये, हे पहिलं वाक्य फळ्यावर लिहिते. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "धन्यवाद मॅडम," आणि फोन ठेवला.

भाऊ संध्याकाळी वस्तीवर आला. बापूंनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, तालाचं, थांबण्याचं, शब्द खरे असल्याचं. भाऊ ऐकत राहिला. "मला ठाव हाये बापू," म्हणाला. "तुम्ही तसं बोलणारच नाय." बापूंचा जीव भांड्यात पडला.

पण नंतर शेळ्यांना पाला टाकताना तो मला हळूच म्हणाला, "तिथं खुर्चीत बसल्यावर मला खरं वाटलं आक्का. पटकन खरं वाटलं. बापूला मी इतका ओळखत आसून."

मला वाटतं, त्याचं जे मोडलं ते तिथंच मोडलं. नोकरी जाण्यानं नाही, पोलीस ठाण्यानं नाही.

मारामारीचं कारण पुढं समजलं. मोटरसायकल पुढं काढण्यावरून शिवीगाळ झाली होती. मार खाल्लेल्यानं आणि मार देणाऱ्यानं, दोघांनीही हेच सांगितलं. गाण्याचं नाव कुणी काढलं नाही. कुऱ्हाड टपरीवाल्याची होती, भट्टीची लाकडं फोडायची. ही बातमी कुठल्याच पट्टीवर पळाली नाही. मी बरेच दिवस वाट बघितली.

शाळेत मुख्याध्यापिकांनी बोलावलं. त्या चांगल्या आहेत, खुर्ची ओढून बसायला सांगतात. "स्नेहसंमेलनाची जबाबदारी यंदा दुसऱ्या कुणाकडं देऊ या," म्हणाल्या. "तुमच्यावर विश्वास नाही असं मुळीच नाही. पण काही पालक विचारतात, गाणी कोण निवडतंय. तुम्ही समजून घ्याल." मी समजून घेतलं. समजून घ्यायला मला लहानपणापासून कुणी ना कुणी सांगतच आलंय. त्या वर्षी पोरांनी ज्या गाण्यावर नाच केला त्यात एक हिरो बंदूक नाचवत पोरीच्या मागं फिरतो. पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. गाणं मुंबईच्या त्या मोठ्या गायकाचं होतं.

तो गायक हिवाळ्यात आमच्या शहरात आला. मोठं मैदान, मोठा मंच, आणि पोस्टरवर खाली त्याच वाहिनीचं नाव, 'मीडिया पार्टनर' म्हणून. विज्ञानाच्या बाईंकडं जास्तीचे पास होते. "तुम्हाला हवाय का एक?" त्यांनी मनापासून विचारलं. मी नको म्हणाले, पण घरात बसून टीव्हीवर बघितलं, थेट प्रक्षेपण होतं. आमच्या भावाला मिठी मारणारा निवेदक मंचावर उभा होता. त्यानं हळुवार आवाजात विचारलं, "त्या कठीण काळात तुम्हाला कुणी सावरलं?" गायकानं रुमालानं डोळे टिपले. आपल्यावर माध्यमांनी खटला चालवला, एका कलाकाराला असं फाडून खाऊ नये, असं तो म्हणाला. गर्दीतल्या बायका रडत होत्या. जबडा बांधलेल्या वाढप्याला सावरलं का कुणी, हे तिथं विचारायचं नव्हतं. माझ्या भावाला 'उत्तर द्या' म्हणणाराच समोर उभा होता.

निवडणुका लागल्या तेव्हा पुढाऱ्याची माणसं भावाकडं आली. त्यांना तोच आवाज हवा होता, तोच ढोल, तोच जोर. शब्द ते देणार होते. भावानं होकार दिला. मी फोनवर खूप बोलले. लाज कशी वाटत नाही इथपर्यंत बोलले. तो शांत होता.

"आक्का, ह्यात कुणी परिणाम इचारत नाय," म्हणाला. "इरोधकाला मुळासकट उपटा, गाडा, ठेचा, कायबी म्हण. कुणी टीवीत बलावत नाय."

बोलावलं, पण वेगळ्या कारणानं. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात त्याच स्टुडिओत, त्याच खुर्चीवर तो बसला होता, नव्या जॅकेटात. निवेदकानं त्याची ओळख 'आपल्या मातीतला आवाज' अशी करून दिली. सरांचीही प्रतिक्रिया दाखवली. लोककलेला आश्रय मिळतो आहे याचं समाधान वाटतं, असं ते म्हणाले. भावाचं गाणं संपलं तेव्हा मी त्याचा शेवट ऐकला. तो आता थांबायला शिकला होता. शेवटच्या शब्दाआधी ढोल थांबत होता, तोही थांबत होता, आणि मग नेत्याचं नाव वजनानं पडत होतं.

वस्तीवर आता पक्कं घर उभं राहतंय. माय खुश आहे. मी तिला काय सांगणार?

बापू मात्र गात नाहीत. जत्रेत बोलावणं येतं, ते कंबर धरून बसतात, दुखतंय म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथंच होते तेव्हा विद्यापीठातली एक मुलगी आली. गुणी होती, उन्हात पायी आलेली. ओव्यांवर अभ्यास करते म्हणाली, सरांच्या पुस्तकात तुमचं नाव वाचलं म्हणाली. तिनं मोबाइल काढून मध्ये सतरंजीवर ठेवला आणि विचारलं, "बाबा, लावू का?"

बापूंनी तिला पाणी दिलं, चहा करायला सांगितला. मग मोबाइलकडं बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मला येत नाय बाई. येणारे म्हातारे हुते. ते मेले."

ती थोडा वेळ बसली, चहा पिऊन, नमस्कार करून गेली. ती पायवाटेवरून दिसेनाशी होईपर्यंत बापू ओट्यावर उभे होते. मग माझ्याजवळ आले आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "येवढंच बोललो मी. ह्यातलं कायी कापता येतंय का गं?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मेंढरं सोडायला गेले.